वल्ह्याचा पट्टा

"तुमचंही मुंडणच ना?" असं न्हाव्यानं विचारलं आणि मी "हो" म्हणून गेलो.

मी गेलो होतो नुसती दाढी कापून घ्यायला. कुळांच्या सणाचा तिसरा दिवस होता, पोरांचे केस कापून देवीला वाहायचा दिवस, त्यामुळे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाप लोक पोरांना मांडीत आवळून बसलेले, पोरं टाहो फोडणारी, खाली मऊ केसांचा थर. भिंतीकडच्या बाकावर मात्र चार-पाच माणसं काळी वस्त्रं पांघरून गप्प बसली होती. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. अर्गिनूस बेटांच्या लढाईतून ज्यांचे मुलगे, भाऊ परत आले नाहीत ते हे लोक. लढाई आपण जिंकलो, पण फुटलेल्या गलबतांवरची माणसं पाण्यातच राहिली. त्यांना कुणी उचललं नाही. त्यांची प्रेतंही आली नाहीत, की ज्यांच्या तोंडात एक नाणं ठेवून, मूठभर माती टाकून त्यांना पलीकडे धाडता येईल. मी कोणत्या गलबतावर होतो ते न्हाव्याला ठाऊक होतं. त्यानं मला बाकाच्या टोकाला बसलेलं पाहिलं आणि त्याला वाटलं, की मीही त्यांच्यातलाच. आता मुंडण करायचं ते बापानं, मुलानं, भावानं, फार तर मेहुण्यानं. माझा बाप अंथरुणात मेला त्याला दहा वर्षं झाली, आणि भाऊ मला नाहीच. हे त्याला सांगायला किती वेळ लागला असता? पण तोवर त्यानं मान खाली दाबली होती. वस्तरा गार होता. "तुमच्या गलबतावरचे किती आले परत?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, "एकवीस." "दोनशेतले?" "दोनशेतले." माझे केस त्या पोरांच्या केसांवर पडत राहिले.

घरी आलो तर लिसिला चुलीपाशी मसूर निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. "अहो, कोण गेलं?" मी म्हणालो, "तेलेस." "तेलेस जाऊन दीड महिना झाला," ती म्हणाली, "आणि तो तुमचा कोण लागतो?" मी म्हणालो, "माझ्या पुढं बसायचा." ती माझ्याकडे बघत राहिली. माझी बायको फार बोलत नाही, पण ती गप्प बसते तेव्हा घरात लपायला जागा उरत नाही. शेवटी म्हणाली, "त्याच्या आईला काय वाटेल? तिच्या दुःखात वाटेकरी निघालात तुम्ही." मी जोडे शिवायला बसलो. दाभण बोटात घुसलं तरी मला कळलं नाही.

माझ्या पुढं बसायचा. खरंच, तेलेस माझा एवढाच लागत होता. गलबतावर आम्ही मागच्या टोकाकडे तोंड करून बसायचो, एकामागं एक, त्यामुळे जो पुढं बसतो त्याची पाठ तेवढी दिसते. त्या वर्षी शहरानं महिन्याभरात शंभरावर गलबतं भरली. घोडे बाळगणारे श्रीमंत आले, स्वातंत्र्याच्या बोलीवर गुलाम आले, कधी वल्ह्याला हात न लावलेले माझ्यासारखे आले. तेलेस अंजीर विकायचा. त्याची पाठ रुंद होती, उजव्या खांद्याखाली भाजल्याचा एक डाग होता, कोवळ्या पानाएवढा. पहिल्या आठवड्यात त्या डागाशेजारी उन्हानं फोड आले, दुसऱ्यात फुटले, तिसऱ्यात तिथं नवी कातडी आली. बायकोची पाठसुद्धा मी इतकी पाहिलेली नाही. तो वाकला की मी वाकायचो, तो ताणला की मी ताणायचो, आणि वल्ह्यांना ताल देणाऱ्या बासरीवाल्याची लय चुकली तर मी त्या पाठीवरून लय धरायचो. आमच्याकडे कुचकामी माणसाला म्हणतात, याला ना वाचता येतं, ना पोहता. तेलेसला वाचता येत होतं. पोहता येत नव्हतं. निघायच्या आधी तो माझ्या दुकानात आला होता. वल्हं खुंटीला बांधायचा चामडी पट्टा सगळ्यांनाच लागतो, तो मी सगळ्यांना शिवून दिला. तेलेस म्हणाला, "मला आणखी एक दे. मुठीला बांधायचा. हात अडकवता आला पाहिजे." मी म्हणालो, "कशाला?" तो लाजला. "समज पडलो, तर वल्हं तरी माझ्याबरोबर राहील." मग मी त्याला सरकत्या गाठीचा पट्टा शिवून दिला. ओढ बसली की मनगटाला आवळायचा, आणि काढायचा तर दुसऱ्या हातानं गाठ मागं सरकवावी लागायची. चांगलं काम होतं. गाईच्या पाठीचं चामडं, दुहेरी टाका. गलबतावर सगळे त्याला चिडवायचे, "काय रे, आईनं दावं बांधून पाठवलंय का?" तो हसायचा आणि रोज सकाळी बसल्याबसल्या हात अडकवायचा. ते हसणं मला दिसायचं नाही, फक्त पाठ हललेली दिसायची.

त्याची आई मिका. तिला मी मावशी म्हणतो. कुंभारवाड्याकडे राहते, फितींच्या लडी विकते, आणि मी परत आल्यापासून दर चार-आठ दिवसांनी दुकानाच्या दारात येऊन बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "तू त्याच्या मागंच होतास ना रे?" मी म्हणालो, "हो मावशी, पण गलबताला टक्कर बसली तेव्हा सगळा गोंधळ झाला. मग तो मला दिसलाच नाही." हे मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्यांदा आली तेव्हा तेच विचारलं, मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. नुसती बसली, मला शिवताना पाहत राहिली आणि म्हणाली, "तुझा हात फार चांगला आहे." तेव्हापासून ती येताना दिसली की मी मागच्या खोलीत जायचो आणि लिसिला तिच्याशी बोलायची.

संध्याकाळी पिस्तियास आला. माझ्याच कुळातला, लांबचा चुलत. त्याचा मेहुणा बुडाला होता म्हणून त्याचंही मुंडण झालं होतं, आणि काळ्या वस्त्रात तो चांगला रुबाबदार दिसत होता. दारातूनच ओरडला, "शाब्बास पठ्ठ्या! मला वाटलं तू जोड्यातच तोंड खुपसून बसणार. परवा सभेला येतोयस ना?" मी म्हणालो, "येतो." "नुसतं येऊ नकोस, बोल. पाण्यातल्यांना उचललं नाही म्हणून ज्यांचा निवाडा आहे ते सहा सेनापती, त्यांची तोंडं मधासारखी गोड. वादळ होतं, वादळ होतं, हेच पालुपद. त्यांचे सुकाणूवाले तेच सांगतायत. लोकांना पटायला लागलंय की काय कोण जाणे. पाण्यात होता असा माणूस उभा राहायला हवा. तू उभा राहा. सांग, की वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. सांग, की आम्ही हाका मारत होतो आणि ते विजयाचा खांब उभारत बसले होते." लिसिलानं त्याच्यापुढं जवाच्या भाकरीचा तुकडा आणि मीठ लावलेली मासळी ठेवली. तो खात होता. मी म्हणालो, "वादळ होतं." पिस्तियासनं चावणं थांबवलं. "काय म्हणालास?" "वादळ होतं रे." तो हसला, माझ्या मुंड्या डोक्यावर त्यानं प्रेमानं टपली मारली. "असेल. पण वादळाला विष पाजता येत नाही. माझ्या बहिणीला कुणीतरी लागतं, ज्याच्या नावानं बोटं मोडता येतील. तुला नाही लागत?"

मला लागत होतं. त्या रात्री मी अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडलो, आणि डोळे मिटले काय, उघडले काय, दिसत होतं तेच. गलबत बुडालं नव्हतं, ती बुडत नाहीत, पाण्याच्या पातळीला लोंबकळत राहतात. दुपारभर आम्ही तीस-चाळीस जण त्याच्या काठाला धरून होतो. मग वारा सुटला आणि लाटा एकेकाला उचलून नेऊ लागल्या. तेलेस आणि मी एका वल्ह्याला होतो. ते कुणाचं हा विचारही तेव्हा मनात आला नाही. त्याचं मनगट पट्ट्यात होतं, नेहमीसारखं. तेव्हाच मी आपलं एक गलबत पाहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते आमच्याकडेच येत होतं. त्याच्या नाकाडावरचे रंगवलेले डोळे दिसत होते, पुढं कुणीतरी दोरी घेऊन उभा होता. एका लाटेनं त्याची डावीकडची सगळी वल्ही हवेत उचलली, हवेत ती नुसती फडफडली, दुसऱ्या लाटेनं ते आडवं केलं आणि आत पाणी शिरलं. माणसं शिरस्त्राणांनी पाणी उपसत होती. आणखी थोडं थांबले असते तर आमच्यासारखेच झाले असते. ते वळले. त्यांना वळताना पाहून मला रागही आला नाही, मी त्यांच्या जागी असतो तर आधीच वळलो असतो. म्हणजे पाठवलं होतं सेनापतींनी. प्रयत्न केला होता. एवढी एक गोष्ट मी सभेत उभा राहून सांगितली तर सहा माणसं कदाचित वाचतील. पण मग लोक विचारणार, आणि ते विचारतीलच, की तू कसा वाचलास? वल्ह्यावर. एकटाच होतास वल्ह्यावर? आणि त्यापुढं माझ्याजवळ उत्तर होतं ते हे. वल्हं दोघांच्या भारानं खाली जात होतं. पाणी ओठांशी आलं होतं. मी त्याच्या बाजूला सरकलो आणि त्याची बोटं सोडवायला लागलो. करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. मला जोर लावावा लागला नाही, ते का, हे मला कळलेलं नव्हतं. गारठ्यानं बोटं आखडतात, उलट घट्ट होतात. तो माझ्याकडे बघत होता. महिनाभर पाठ पाहिलेल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला आणि लगेच डोळे मिटून घेतले, लाट आली म्हणून की त्याच्यामुळे, ते सांगता येत नाही. उघडले तेव्हा तो नव्हता आणि वल्हं वर आलं होतं, हलकं होऊन. सकाळी वाळूत शुद्धीवर आलो तेव्हा वल्ह्याच्या मुठीला पट्टा होता. माझाच टाका. तेलेसचंच वल्हं होतं ते. मी पट्टा कापून कमरेला गुंडाळला, घरी आणला आणि पेटीत तळाशी, हिवाळ्याच्या घोंगड्याखाली ठेवून दिला. त्यानंतर मी ती पेटी उघडलेली नव्हती.

परवाचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. सभेच्या टेकडीवर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती, आणि त्यात जागोजागी आमची मुंडी डोकी, कापणीनंतर शेतात मधेमधे दगड दिसावेत तशी. लोक मला वाट देत होते. एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझा दंड दाबला, "मुलगा?" मी मान हलवली, तिचा अर्थ काहीही होईल अशी. पिस्तियासनं एक काळं वस्त्र माझ्या अंगावर टाकलं आणि मला पुढं नेऊन बसवलं. दिवसभर बोलणी चालली. सेनापतींच्या बाजूनं कुणी म्हणालं, की हे कायद्याला धरून नाही, सहा जणांचा निवाडा एकदम मताच्या एकाच खड्यावर करता येत नाही, प्रत्येकाचा वेगळा करा, प्रत्येकाला वेगळं बोलू द्या. त्यावर जो आरडाओरडा उठला! माझ्या मागचा एक जण घसा फाडून ओरडत होता, "आम्हाला अडवणारा तू कोण? यालाही त्यांच्यातच घाला!" त्याच्या थुंकीचे थेंब माझ्या उघड्या डोक्यावर पडत होते. मी तेव्हा सहा जणांकडे पाहत होतो. दुरून ते लहान दिसत होते. एक सारखा पाय बदलून उभा राहत होता, टाच दुखत असावी. जोडा नीट बसत नव्हता त्याचा, डाव्या टाचेकडे शिवण उसवलेली असणार, असं मला वाटत राहिलं. किती सोपं होतं ते नीट करणं.

"आता," पिस्तियास माझ्या कानात म्हणाला. "आता उठ." सुकाणूवाल्यांपैकी एकाचं बोलणं नुकतंच संपलं होतं. त्यानं वादळाबद्दल सांगितलं होतं, साधं सरळ, न रंगवता, आणि क्षणभर लोक गप्प झाले होते. ते गप्प होणं मला कळलं. एक माणूस, मुंडं डोकं, पाण्यातून आलेला, उठून म्हणाला असता, की हा खरं बोलतोय, मी ते गलबत पाहिलं, तर पारडं झुकलं असतं. मी उठलो. शपथेवर सांगतो, मी उठलो. गुडघे सरळ झाले, आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडे मान वळवली, कुणीतरी म्हणालं, "हा बघा, हा होता पाण्यात." मी तोंड उघडलं आणि मला मिकामावशी दिसली. ती तिथं नव्हती, बायका सभेत येत नाहीत, पण मला ती दुकानाच्या दारात बसलेली दिसली, माझ्या हाताकडे पाहत. वादळाला दोष देता येत नाही, सेनापतींचा दोष नाही, मग दोष घरोघर फिरत फिरत शेवटी माझ्याच दारात येऊन बसणार होता. मी म्हणालो, "आम्ही हाका मारत होतो." आवाज बारीक निघाला. "मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं. मी मोठ्यानं म्हणालो, "आम्ही हाका मारत होतो!" आणि खाली बसलो. एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण टेकडी पेटली. माझ्या आजूबाजूला मोठमोठी माणसं रडत होती, पिस्तियास रडत होता, आणि तो रडताना माझ्या खांद्यावर थोपटत होता, घोड्यानं शर्यत जिंकल्यावर थोपटतात तसं.

प्रत्येक जमातीसाठी दोन माठ ठेवले होते, उघड्यावर. दोषी म्हणायचं तर पहिल्यात खडा टाकायचा, निर्दोष तर दुसऱ्यात. दोन्ही माठांत चार पावलांचं अंतर होतं. रांग सरकत होती आणि माझ्या मुठीत खडा ओला होत होता. मी मनाशी म्हणत होतो, दुसऱ्यात टाकू. बोललो ते बोललो, निदान खडा दुसऱ्यात टाकू. माझ्या पुढं एक कुंभार होता, त्यानं पहिल्यात टाकला. आवाज बसका आला, म्हणजे माठ बराच भरला होता. त्याच्या पुढचा दुसऱ्या माठाकडे गेला होता, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी पाहिली होती. त्याच्या डोक्यावर केस होते. माझ्या नव्हते. मुंडं डोकं घेऊन दुसऱ्या माठाशी गेलो तर लोक काय म्हणतील, असा विचार माझ्या मनात आला, आणि मग मला समजलं, की न्हाव्याच्या दुकानात "हो" म्हणालो तेव्हाच माझा खडा पडला होता. पहिल्या माठाशी मी हात उघडला. करंगळीपासून उघडला, हे मला नंतर आठवलं.

निकाल लागला तेव्हा ऊन कलत होतं. सहाही जणांना मृत्यू, आजच. त्यांना तुरुंग सांभाळणाऱ्या अकरा अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं, बाजारामागच्या तुरुंगात. पिस्तियास म्हणाला, "चल, घोटभर दारू घेऊ," पण मी घरी आलो. लिसिलाकडे न पाहता पेटी उघडली, घोंगडं बाजूला केलं, पट्टा काढून वस्त्राच्या आत घातला. आता देता येईल असं मला वाटलं. आता दोष कुणाचा ते शहरानं ठरवलं होतं, दगडावर कोरणार होतं. आता मी मावशीसमोर बसू शकत होतो.

कुंभारवाड्यात ती घराच्या दारातच फिती गुंडाळत बसली होती. माझं डोकं पाहून तिनं हात पुढं केला आणि मला शेजारी बसवलं. मी म्हणालो, "मावशी, झालं. सहाही जणांना शिक्षा झाली. आजच." तिनं मान हलवली. "त्यांच्याही आया असतील," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "एक विचारू? खरं सांगशील? मला कुणी खरं सांगत नाही. सगळे येतात नि सेनापतींना शिव्या देतात. मला शिव्या नकोत. वादळ होतं का रे?" मी पट्टा काढून तिच्या मांडीवर ठेवला. म्हणालो, "होतं मावशी. मोठं होतं. आमच्याकडे एक गलबत आलं होतं, पण त्याला जवळ येता आलं नाही. तेलेस आणि मी... आम्ही एका वल्ह्याला होतो."

ती रागावेल, किंचाळेल, मला हाकलेल, अशी मी वाट पाहत होतो. ती पट्टा चाचपत राहिली. तिला जवळचं बारीक नीट दिसत नाही, बोटांनीच बघते. "तू पोहतोस ना?" "हो." "तेच म्हटलं," ती म्हणाली. "अरे, माझा भाऊ पट्टीचा पोहणारा होता. एकदा होडी उलटली आणि पोहता न येणाऱ्यानं त्याला मिठी मारली. दोघंही गेले. तेलेस निघाला त्या दिवशी मी त्याला उंबऱ्यावर बजावलं. म्हटलं, पाण्यात पडलास आणि जवळ कुणी पोहणारा असला, तर त्याला धरू नकोस. त्याच्यावर भार टाकू नकोस, सोडून दे. लेकराला मी हे सांगून पाठवलं. कसली आई मी! दीड महिना मी देवाला हेच विचारतेय, की त्यानं माझं ऐकलं तर नसेल? तो असा ऐकणारा नव्हता रे. माझं कधीच ऐकायचा नाही." तिनं पट्टा माझ्या हातात दिला. "बघ जरा. ही गाठ अशीच असते का? त्यानं मला दाखवली होती, तेव्हा हात अडकवला की घट्ट बसायची."

मी पाहिलं. दिवस बुडायला आला होता तरी तेवढा उजेड होता, आणि काम माझंच होतं. खारं पाणी पिऊन चामडं लाकडासारखं कडक झालं होतं, जशी शेवटी राहिली तशीच गाठ वाळली होती. ती पार मागं सरकवलेली होती, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. ओढीनं ती पुढंच येते, मागं कधीच जात नाही. मागं न्यायची तर दुसऱ्या हातानं, अंगठा आत घालून न्यावी लागते. मी फक्त बोटांना हात लावला होता. गाठीला लावला नव्हता. मी बोटं सोडवत होतो आणि त्याचा दुसरा हात पाण्याखाली त्या गाठीवर होता, आणि मनगट पट्ट्यात तसंच राहिलं असतं तर बोटं सुटूनही तो तिथंच लटकत राहिला असता, मला काही करता आलं नसतं. मला जोर लागला नाही. करंगळी आपोआप उघडली. तो माझ्याकडे बघत होता तो यासाठी, की मला कळलंय का ते पाहावं. आणि मी डोळे मिटून घेतले. मी त्याला मारलं नव्हतं. माझ्या मनात होतं, हातही माझा होता, पण तो माझ्या आधी निघून गेला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी रडायला लागलो, आणि त्या हलकेपणातच, त्याच्या पाठोपाठ, ते सहा जण आठवले. ज्या खुनासाठी मी त्यांना पुढं केलं तो झालाच नव्हता.

"कुठं निघालास?" मावशी म्हणाली. मी पळत होतो. कुंभारवाड्यातून, भट्ट्यांच्या धुरातून, चपला तिथंच राहिल्या होत्या. काय करणार होतो मी? खडा माठातून काढून घेणार होतो? मला वाटत होतं, दारावर जाऊन ओरडलं, की मी पाहिलं ते गलबत, वादळ होतं, मी शपथ घेतो, तर कुणीतरी हात थांबवेल. अजून वेळ असेल. विष वाटायला वेळ लागतो, ते म्हणे नीट वाटावं लागतं. बाजारात सणाचे खेळ अजून मांडलेले होते, लोक तिळाच्या वड्या खात होते, पण माझं डोकं आणि काळं वस्त्र पाहून सगळे दोन्हीकडे सरकत होते, मुलांना मागं ओढत होते. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या बिचाऱ्याला." इतकी मोकळी वाट मला या शहरानं कधी दिली नव्हती.

तुरुंगाच्या दाराशी पहारेकरी हात धूत होता. मी धापा टाकत म्हणालो, "थांबवा. मला सांगायचंय." त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग अनवाणी पायांकडे, आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "झालं, दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आत्ताच. फार त्रास झाला नाही कुणाला. सकाळी प्रेतं देतील, तोवर इथं बसावं लागेल." मी म्हणालो, "मी तो नाही, मी..." भिंतीला लागून काही माणसं बसली होती. दोन बायका, त्यातली एक म्हातारी, आणि एक म्हातारा. त्यांना केस कापायला अजून सवड मिळाली नव्हती. पहारेकऱ्यानं विचारलं, "सहांपैकी कुणाचे तुम्ही?" माझ्या हातात अजून तो पट्टा होता. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या बाईला कोपरानं जरा ढकललं आणि म्हणाली, "सरक गं थोडी. यांना बसू दे." मी त्यांच्यात बसलो.